पश्चिमेची तुटक रेघ

बाबी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याकडे जाण्याची तयारी करत होतो, असे लिहिता आले असते तर किती बरे झाले असते. ते खरे नाही. मी पुण्यातल्या घरी चष्म्याची काच पुसत बसलो होतो, आणि त्याला दिलेला शब्द आणखी थोडा पुढे कसा ढकलावा याचा विचार करत होतो. फोनच्या पडद्यावर त्याचेच नाव उमटले. मी "बोल रे बाबी" म्हणालो आणि पलीकडून त्याची मुलगी स्नेहल बोलली, "काका, पप्पा गेले." मी विचारले, "कुठे?" त्या प्रश्नाची लाज मला अजून वाटते. मग तिने सगळे नीट सांगितले. सकाळची वेळ होती. मालवणजवळच्या देवबागच्या किनाऱ्यावर होडी वर ओढून झाली होती. दोरखंड गुंडाळता गुंडाळता तो वाळूवर बसला. दमला असेल असे वाटून कोणी लक्ष दिले नाही. कोणीतरी हाक मारली तेव्हा त्याने मान वर केली नाही... बस्, एवढेच. त्याचे वय साठीच्या अलीकडे होते. डॉक्टरची पायरी त्याने कधी चढल्याचे कोणाला आठवत नव्हते. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ती काच पुसत राहिलो. मला रडू आले नाही. आज इतके आठवडे झाले, तरी ती बातमी अजून माझ्यापर्यंत पुरती पोचलेली नाही असे वाटते.

याचे एक कारण असे, की त्याआधी थोड्याच दिवसांपूर्वी, गणपती जाऊन आठवडा झाला असताना, त्याने मला फोन केला होता. तब्बल अकरा वर्षांनी. आवाज तोच, वाऱ्यावरून हाक मारावी तसा मोठा. "मास्तरा, जितो आसस मा?" मी तब्येत विचारू लागलो, तर तो म्हणाला, "तब्येतीचा मरांदे. एकदा हयसर ये. तुका एक वस्तू दाखवची आसा." मी म्हटले, फोनवरच सांग. "फोनार सांगण्यासारखी नाय ती. डोळ्यांनी बगूक होयी." मी दिवाळीत येतो म्हणालो. "दिवाळीत तर दिवाळीत. पण ये हां," असे म्हणून त्याने फोन ठेवला. मी गेलो नाही, आणि दसऱ्याच्या आधीच तो गेला. मला कामे होती हे खरे. पण न जाण्याचे कारण कामे नव्हती. मला त्याच्यासमोर उभे राहण्याचा संकोच होता.

त्याचे कागदावरचे नाव शांताराम. ते नाव मी फक्त आमच्या संशोधन संस्थेच्या कागदांवर लिहिले. एरवी तो साऱ्या देवबागचा बाबी तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, होता. मी मूळचा तिकडच्याच कट्टा गावचा. माझे वडील तिथल्या शाळेत मास्तर होते, म्हणून पहिल्याच भेटीत त्याने मला 'मास्तराचो झील', म्हणजे मास्तरांचा मुलगा, ठरवले आणि पुढे झील गळून नुसता 'मास्तर' उरला. मी भूभौतिकीचा अभ्यासक. त्या काळात आमचा एक छोटा गट मालवणच्या समुद्रात एका मोठ्या, पुरल्या गेलेल्या विवराचा माग काढत होता. जुन्या नकाशांवर समुद्रतळाखाली एक वाटोळी खूण पुसटशी दिसत होती. मानवापूर्वीच्या एखाद्या काळात आकाशातून आलेल्या प्रचंड पाषाणाने तिथे घाव घातला असावा, आणि त्यावर पुढे थरांमागून थर गाळ बसला असावा, असा आमचा तर्क होता. ते खरोखर विवर आहे का, आणि असल्यास केवढे व कोणत्या आकाराचे, हे मोजायचे होते. त्यासाठी आम्हाला एक होडी आणि समुद्र ओळखणारा माणूस हवा होता. बाबीने सगळे ऐकून घेतले आणि गंभीर चेहऱ्याने विचारले, "खड्डो सोधूक पुण्यासून इलास? आमच्या रस्त्यार मोप आसत. फुकट दाखवतंय."

पहिल्याच दिवशी खाडीचे तोंड ओलांडून होडी उघड्या पाण्यात गेली आणि मला बोट लागली. मी काठाला धरून ओकत असताना तो सुकाणूवरून म्हणाला, "कट्ट्याचो मास्तर! पोटातला सगळा मापून झाला काय? झाला तर आता समुद्र मापूया." मी हसलो, आणि त्या हसण्यात आमची मैत्री जमली. दुपारी त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, दिलेली भाकरी आणि सुक्या बांगड्याचे किसमूर खाताना मी त्याला आमचे काम समजावून सांगत असे. पुरलेले विवर डोळ्यांना दिसत नाही. वरचा तळ सपाट असतो. पण आघाताने चिरडलेला खडक आणि त्यात भरलेला गाळ हलका असतो, आजूबाजूचा अभंग खडक जड असतो, आणि त्यामुळे पृथ्वीची ओढ जागोजाग किंचित कमी-जास्त होते. ती ओढ मोजत मोजत गेले की विवराची कड सापडते. बाबी चावता चावता थांबला आणि म्हणाला, "म्हणजे टोप चिखलान भरलो, तरी टोप तो टोपच. कड गावली की झाला." पुढे अनेक व्याख्यानांत मी हे वाक्य मराठीत आणि इंग्रजीत वापरले. कोणाचे आहे ते एकदाही सांगितले नाही.

आमचे यंत्र घागरीएवढे होते. ते दोरखंडाने तळावर टेकवायचे, स्थिर होऊ द्यायचे आणि वर बसून आकडा वाचायचा. असे दिवसाला दहा-बारा वेळा. यंत्र नेमके किती खोल टेकले हे बिनचूक कळणे अत्यंत आवश्यक असते, कारण खोली दोन-तीन मीटरनी चुकली तरी ओढीचा हिशेब बिघडतो आणि कड कागदावर कोसभर सरकते. खोली दाखवणारी पेटी यंत्रालाच जोडलेली होती. पूर्वेची, उत्तरेची आणि दक्षिणेची कड आम्ही तिच्या भरवशावर काढली. पश्चिमेची तेवढी उरली होती, आणि पावसाळ्यासाठी समुद्र बंद व्हायला आठ दिवस असताना त्या पेटीत खारे पाणी शिरले. दुसरी मागवायला वेळ नव्हता. मी डोके धरून बसलो, तेव्हा बाबीने होडीच्या नाळेतून, म्हणजे पुढच्या टोकातून, निळ्या नायलॉनच्या दोरीचे एक वेटोळे काढले. टोकाला शिसे बांधलेले, आणि ठरावीक अंतराने गाठी. "ही आसा मा," तो म्हणाला. "किती वांव पाणी तां ही सांगतली."

वांव म्हणजे दोन्ही हात पसरले असता एका मधल्या बोटापासून दुसऱ्या मधल्या बोटापर्यंतचे अंतर. पुस्तकात तिचे एक ठरावीक माप दिलेले असते, पण मी स्वतःला चतुर समजत होतो. तांडेलाची वांव त्याच्या शरीराची असते हे मला कुठेतरी वाचून ठाऊक होते, म्हणून मी पोलादी टेप काढली आणि बाबीला हात पसरून उभे राहायला सांगितले. तो उभा राहिला, होडी हलत होती, आणि माझे सहकारी हसत होते. "माका कित्याक मापतंस रे? शिंपी काय तू? मापतलंस तर दोरी माप," तो म्हणाला. मीही हसलो आणि त्याच्या हातांचे माप वहीत लिहिले : एक मीटर पासष्ट. दोरी ओली होती, गुंतलेली होती, भरतीची वेळ निघून चालली होती... ही कारणे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली आहेत की ती मला पाठ झाली आहेत. खरी गोष्ट एवढीच, की दोरी नवी कोरी दिसत होती आणि तिच्या गाठी त्यानेच मारल्या असणार, याविषयी माझ्या मनात शंकाच नव्हती. पुढचे आठ दिवस बाबी दोरी सोडे, गाठी बोटांखालून जाऊ देई, शिसे तळाला लागले की मोठ्याने पुकारे, "बारा वांव!" आणि मी त्या बाराला एक मीटर पासष्टने गुणून पुढे जाई.

जुळणी करताना घोटाळा लक्षात आला. नव्या ओळी जुन्या ओळींना तीन ठिकाणी छेदत होत्या, आणि तिन्ही ठिकाणी दोरीची खोली पेटीच्या खोलीहून कमी निघत होती. एके ठिकाणी मीटरभर, दुसरीकडे दीड मीटरच्या वर, तिसरीकडे जवळजवळ तीन मीटर. मला ते आकडे स्वैर वाटले. मी निष्कर्ष काढला की मोजणारा माणूस गाठी चुकवतो आहे. पश्चिमेची सगळी मोजणी मी बाद केली आणि नकाशावर त्या बाजूला एक तुटक रेघ ओढली.

एवढ्यावर थांबलो असतो तरी ते क्षम्य होते. पण हंगाम संपल्यावर मालवणात एक छोटी सभा झाली. वरिष्ठ मंडळी आली होती, आणि होडीवाल्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायचा होता. बाबी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसला होता. त्याच्यासोबत देवबागचे तीन-चार तांडेल होते. कोणीतरी विचारले की पश्चिमेची कड उघडी का, आणि कड पूर्ण नसेल तर याला विवर तरी का म्हणायचे? तो प्रश्न टोकदार होता. पुढच्या हंगामाची मंजुरी त्यावर अवलंबून होती. मी उठलो आणि शांतपणे, माझ्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणालो, "त्या बाजूची खोली स्थानिक माणसाने दोरीने मोजली. त्यात हलगर्जीपणा झाला. ती मोजणी विश्वासार्ह नाही." सभागृहात कोणाला काही वाटले नाही. शेवटच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबी उभा होता. "दोरी खोटी नाय," तो म्हणाला. सगळे वळून पाहू लागले, तसे आपण कुठे आहोत याचे भान येऊन त्याने तेच वाक्य शाळेतल्या मराठीत पुन्हा म्हटले. "साहेब, दोरी खोटी नाही." अध्यक्षांनी हाताने बसण्याची खूण केली. तो बसला नाही, बाहेर गेला. त्याची शाल टेबलावर तशीच राहिली. मी ती नंतर कोणाकडून तरी पाठवून दिली. ती परत आली.

मंजुरी मिळाली नाही. आमचा गट पांगला, आणि ती तुटक रेघ माझ्या एकमेव महत्त्वाच्या निबंधात तशीच छापली गेली. देवबागेत काय झाले ते मला उडत उडत कळत राहिले. किनाऱ्यावर होडी लागली की कोणीतरी हाक मारी, "बाबी, पाणी किती रे?" आणि हशा पिके. पुढे ती गावातली नेहमीची चेष्टाच झाली. त्या सभेत नसलेली माणसेही ती करू लागली. तळ किती खोल आहे हे ज्याच्या तोंडून ऐकून इतर होड्या दिशा ठरवत, त्या माणसाला हा प्रश्न हसत हसत विचारला जाऊ लागला, आणि ते मी सुरू करून दिले होते.

त्याच्या बाराव्याला मी पोचलो. खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या त्या अरुंद पट्टीवर त्याचे घर आहे. पुढे पर्यटकांसाठी दोन खोल्या, मागे होडी. वहिनी पडवीत बसल्या होत्या. मला वाटले होते त्या बोलणार नाहीत. त्या म्हणाल्या, "तुमी इलास ता बरा केलास. पण वायच उशीर झालो." मग त्यांनी स्नेहलला आतून वही आणायला सांगितली. साधी शाळेची वही होती, पाणी लागून फुगलेली.

स्नेहलने सांगितले की गेल्या वर्षी तिने होडीवर मासे दाखवणारे यंत्र बसवले. त्याच्या पडद्यावर खाली किती मीटर पाणी आहे तेही दिसते. पप्पा त्या यंत्राची टर उडवत, पण पहिल्या दिवसापासून प्रत्येक ठिकाणी पडद्यावरचा आकडा बघून झाल्यावर तिला होडी थांबवायला लावत आणि दोरी सोडत. ती चिडे, होडीतले पर्यटक खोळंबले म्हणे. ते म्हणत, "बस गो गप. माका मापूचा आसा." वहीत दोन रकाने होते. एकीकडे 'वांव', दुसरीकडे 'मशीन'. पाच, आठ, अकरा, पंधरा, खाली कितीतरी पाने. आणि प्रत्येक ओळीपुढे, सातवीपर्यंत शिकलेल्या त्या माणसाने, हाताने भागाकार मांडला होता. उत्तर दर वेळी जवळजवळ तेच येत होते. शेवटच्या पानावर त्या उत्तराभोवती मोठे वर्तुळ काढले होते, एक मीटर पंच्याऐंशी, आणि खाली लिहिले होते : मास्तराक दाखवचा.

मी अकरा वर्षे वजाबाकी केली होती. तीन ठिकाणचे फरक मी वजा करून पाहिले आणि ते स्वैर ठरवले; एकदाही भागून पाहिले नाही. पेटीच्या मीटरना दोरीच्या वांवांनी भागले असते तर तिन्ही ठिकाणी एकच उत्तर आले असते, आणि बाबी चुकत नाही, माझी वांव चुकते आहे, हे दहा मिनिटांत कळले असते. पण मला कळेना की त्याचे हात तर मी मोजले होते, ते चुकले कसे? वहिनींनी भिंतीवरच्या खुंटीकडे बोट दाखवले. निळी दोरी तिथे टांगलेली होती. "ती ह्येंच्या आज्याची," त्या म्हणाल्या. मी म्हटले, "ही तर नायलॉनची, नवी दिसते." त्या म्हणाल्या, "दोरी नवी. गाठी जुन्यो." जुनी दोरी झिजली की नवी तिच्या शेजारी ताणून धरायची आणि जुन्या गाठीसमोर नवी गाठ मारायची, अशी रीत आहे. काथ्याची गेली, सुताची गेली, नायलॉनची आली. हात मात्र आज्याचेच राहिले. तो माणूस उंचापुरा होता म्हणे. "आज्यान सांगलेलो खडप सात वांवार आसा," वहिनी म्हणाल्या. "ह्येंनी आपल्या हातान गाठी मारल्यानी असत्यानी, तर तो खडप सात वांवार रवलो असतो काय?" खडप म्हणजे पाण्याखालचा खडक; दोरीची वांव बदलली असती, तर आज्याने सांगितलेल्या साऱ्या खुणा चुकल्या असत्या. 'मापतलंस तर दोरी माप.' त्याने सांगितले होते. मी त्याला विनोद समजून हसलो होतो.

माझ्या संगणकात ते जुने आकडे होते. कोणत्या ओढीने मी ते जवळ बाळगले, ठाऊक नाही. दुपारभर त्या पडवीत बसून मी बाद केलेल्या प्रत्येक वांवेला एक मीटर पंच्याऐंशीने नव्हे, आधी चुकून एक मीटर पासष्टनेच गुणले... हात सवयीने तेच लिहीत होता. मग थांबलो, पुसले, आणि बाबीच्या वर्तुळातला आकडा घेतला. तिन्ही छेद जुळले. संध्याकाळपर्यंत पश्चिमेची कड पडद्यावर उमटली. ती उत्तरेच्या टोकाला येऊन मिळाली, दक्षिणेच्या टोकालाही मिळाली. आकार अगदी वाटोळा नाही, दक्षिणेकडे थोडा चपटा आहे. आणि तो आम्ही छापला होता त्याहून मोठा आहे. ते विवरच आहे हे अजून सिद्ध व्हायचे आहे. पण कड पूर्ण आहे, आणि तिची पश्चिम बाजू एका माणसाने हाताने मोजलेली आहे. वहिनींनी पडद्याकडे पाहिले. "ह्यो तो खड्डो?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "ह्या हयसर दाखवून काय उपेग? खाली वाळवेर जावन सांगा. थंय हसले ते."

दुसऱ्या सकाळी होड्या लागल्यावर मी किनाऱ्यावर गेलो. दहा-पंधरा माणसे होती, जाळी झाडत होती. मी म्हणालो, "बाबीची दोरी बरोबर होती. चूक माझी होती. मी सभेत त्याच्याविषयी जे बोललो ते खोटे होते." माझा आवाज समुद्रापुढे पुरला नाही, म्हणून पुन्हा एकदा, आयुष्यात प्रथमच ओरडून, सांगावे लागले. मग भिवा आबा, त्या दिवशी शेवटच्या रांगेत बाबीशेजारी बसलेले म्हातारे तांडेल, जाळ्यातून मान वर न करता म्हणाले, "आमका ठावक होता." मी चक्रावलो. "ठाऊक होतं? आणि तुम्ही त्याला हसत होता?" "मस्करी करी होतो. दोरी कोणाची कधी खोटी आसता काय?" मी विचारले, मग तेव्हा मला का सांगितले नाही? त्यांनी आता माझ्याकडे पाहिले. "तू इचारलंस खंय? त्येका इचारलंस नाय, आमका इचारलंस नाय. तू त्येका मापलंस."

निबंधातली चूक दुरुस्त करण्याचे पत्र मी पाठवले आहे. त्यात पश्चिमेच्या मोजणीपुढे त्याचे पूर्ण नाव आहे, आणि ती अकरा वर्षे का बाद होती याचे कारणही. पण ते पत्र देवबागेत कोणी वाचणार नाही, आणि ज्याने वाचायला हवे होते तो नाही. म्हणून हे मराठीत लिहिले. दिवाळीत येतो म्हणालो होतो, तो शब्द अजून माझ्या कानात आहे.

निघताना मी स्नेहलला विचारले की दोरी एकदा हातात घेऊ का. तिने खुंटीवरून काढून दिली. ती हल्ली स्वतः होडी नेते. पडद्यावर आकडा दिसत असूनही आधी दोरी सोडते, आणि शिसे तळाला लागले की मोठ्याने पुकारते, होडीत ऐकणारे कोणी नसले तरी. मी एक गाठ डाव्या हाताच्या बोटांत धरली आणि उजवा हात जितका पसरता येईल तितका पसरला. पुढची गाठ बोटांच्या पलीकडे, वीतभर दूर राहिली. मी खांदा ताणला, पुन्हा प्रयत्न केला. स्नेहल पाहत होती.

"रवांदे, काका," ती म्हणाली. "पप्पांचेव हात पोचत नाय होते."